लोखंडे यांची मागणी आणि इथला पगार

रायस्वाइकला डच कंपनीत काम करणाऱ्या आपल्या मंडळींना आजारपणातही पगार मिळतो, याचे आता नवल वाटत नाही. पण मुंबईत १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून मागितले होते, की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. भारतात नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ साली.

नेदरलँड्समध्ये अपघात विम्याचा कायदा १९०१ सालचा. हप्ता मालकाने भरायचा. धंदा जितका धोक्याचा, तितका हप्ता जास्त. पुढे १९६७ साली कामावरचा अपघात आणि घरचे आजारपण हा भेदच डचांनी काढून टाकला. २००४ पासून कायम नोकरीत दोन वर्षांपर्यंत किमान ७० टक्के पगार मालकच देतो. सुरक्षिततेत हयगय झाली, की झळ त्याच्याच खिशाला!

पगारपत्रक हाती आले, की लोखंडे यांची आठवण जरूर काढू या.