गादी, कोंबड्यांची (डहाणू-तलासरी)

खुराड्याच्या जमिनीवर पसरलेला शोषक थर. डहाणू व तलासरी तालुक्यांत भात हे खरिपाचे मुख्य पीक असल्याने गिरणीतला तूस स्वस्तात मिळतो, आणि परसातल्या कोंबड्यांना तोच सोयीचा. तो लाकडाच्या भुशाइतके पाणी शोषत नाही. पण गोळा होत नाही, लवकर वाळतो. अगदी बारीक भुसा मात्र टाळावा: पिल्ले तो दाणा समजून टिपतात. पेंढा बोटभर लांबीचा कापून घालावा. ओला राहिला तर बुरशी धरतो आणि कोंबड्यांची फुप्फुसे बिघडतात. चिकूची पाने या भागात भरपूर, पण चिवट पाने एकावर एक चिकटून बसतात. समुद्राची वाळू खारट असल्याने दमट राहते.

थर सुरुवातीला ५ ते ८ सेंमी. असावा, पुढे भर घालत १५ सेंमी.पर्यंत वाढवता येतो. खरी कसोटी पावसाळ्यात. मूठभर गादी दाबून पाहावी: लाडू वळला तर ती ओली, मूठ उघडताच सैलसर सुटली तर योग्य. ओल्या गादीत अमोनियाने डोळे चुरचुरतात, रक्ती हगवण बळावते. म्हणून ती रोज खालीवर करावी, पाण्याच्या भांड्याभोवतालचा ओला भाग काढावा, थोडा विरलेला चुना मिसळावा. शेणाने सारवलेल्या जमिनीखालून ओल येत असेल, तर जोते उंच करणे हाच उपाय. काढलेली गादी कुजवून वाडीत खत म्हणून घालतात.