दिवा मालवल्यावर

वीज स्वच्छ की अस्वच्छ, हे दिव्याकडे पाहून कळत नाही. दिवा मालवल्यावर मागे काय उरते, ते पाहावे लागते.

आपल्या चंद्रपूरचाच इतिहास घ्या. येथील औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. वीज थेट मुंबईपर्यंत गेली. राख मात्र येथेच राहिली. त्या राखेचा विनियोग कसा करावा, हे सांगणारी केंद्र सरकारची अधिसूचना निघाली १९९९ साली. म्हणजे आधी ढीग, आणि सोळा वर्षांनी कायदा! २००९ साली चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली.

आता सूर्याची पाळी आहे. शेतात सौरपंप आले, गडचिरोलीच्या रानातील वस्त्यांवर सौरदिवे लागले. हे इष्टच झाले. परंतु पॅनेलचे आयुष्य सुमारे २५ वर्षांचे. पुढे उरते काच, ॲल्युमिनियम, तांबे, किंचित चांदी आणि डागकामातले विषारी शिसे.

या खेपेस कायदा ढिगाआधी आला आहे. २०२२ चे ई-कचरा नियम सांगतात की, २०३४-३५ पर्यंतचा हा कचरा उत्पादकाने साठवून ठेवावा. पण भामरागडच्या वस्तीतले फुटके पॅनेल त्याच्या कोठारापर्यंत नेणार कोण? बहुधा भंगारवालाच. तांब्यासाठी तो प्लास्टिक जाळील, आणि धूर त्याच्याच छातीत जाईल.

म्हणून तालुक्या-तालुक्यात पॅनेल परत घेण्याची जागा हवी, आणि ते उचलणाऱ्या हातांना रास्त मजुरी व संरक्षण हवे. राखेच्या वेळी आपण उशिरा जागे झालो. आता ती सबब उरलेली नाही.