दुर्बिणीतला नको असलेला उजेड



भर उन्हात दुर्बीण डोळ्यांना लावून तुम्ही पाणथळीवरचा शेकाट्या पाहू लागलात, तर पुष्कळदा उजेड भरपूर असूनही तो नीट दिसत नाही. चित्रावर पांढुरका पडदा पसरतो, काळे पंख राखाडी भासतात आणि सूर्य समोरच्या बाजूला असला तर प्रकाशाची वर्तुळे मध्येच तरंगू लागतात. अधिक उजेडात कमी दिसावे, हे कसे?

प्रश्न क्षुल्लक नव्हे. पूर्वी पक्षी ओळखायचा म्हणजे तो बंदुकीने पाडून हातात घ्यायचा, अशी रीत होती. आपल्या मुंबईचे डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांना पक्ष्यांची गोडी लागली तीही लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीपासून. पुढे १९४१ साली निघालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने जिवंत पक्षी रानात पाहून ओळखण्याची वाट सामान्य वाचकाला दाखविली. ही ओळख रंगांवर आणि खुणांवर चालते. दुर्बिणीनेच रंग फिका दाखविला, तर ओळख चुकते.

या कोड्याचे मूळ इब्न अल-हैसम यांच्या लिखाणात सापडते. बसऱ्यात इ. स. ९६५ च्या सुमारास जन्मलेल्या आणि पुढे कैरोत काम केलेल्या या विद्वानाने ‘किताबुल मनाज़िर’ या ग्रंथात लिहून ठेवले की, प्रखर तेजाने डोळ्याला पीडा होते आणि प्रबळ प्रकाशापुढे मंद प्रकाश लोपतो. तारे दिवसाही आकाशात असतात, पण दिसत नाहीत. दुर्बिणीचा शोध पुढे सहाशे वर्षांनी लागला. परंतु तिच्यातही हाच नियम चालतो.

लोलकांची दुर्बीण १८९४ साली जर्मनीतील झाइस कारखान्याने बाजारात आणली. तिच्या एका नळीत भिंगे व लोलक मिळून काचेचे सुमारे १० पृष्ठभाग असतात. साधी काच प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परतविते. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गळतो. त्याहून वाईट म्हणजे त्यातला काही आत इकडून तिकडे आपटत भलत्याच वाटेने डोळ्यात शिरतो. तोच हा पांढुरका पडदा!

यावर उपाय सापडला तो डागाळलेल्या काचेतून. १८८६ साली इंग्लंडमधील लॉर्ड रॅले यांना आढळले की, जुनाट, मळकट पडलेली काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश आरपार सोडते. १८९२ साली डेनिस टेलर या भिंगे घडविणाऱ्या तज्ज्ञाला जुन्या भिंगांत तेच दिसले. कालमानाने काचेवर चढलेला पातळ थर परावर्तन कमी करीत होता.

मग असा थर मुद्दाम चढविण्याचे प्रयत्न झाले. १९३५ साली झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पात्रात भिंगावर लेप देण्याची पद्धत काढली. १९३८ साली अमेरिकेत कॅथरीन ब्लॉजेट यांनी साबणासारख्या पदार्थाचे थर चढवून जवळजवळ परावर्तनहीन काच तयार केली. मात्र तो लेप मऊ असल्याने पुसला जाई. केंब्रिज विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविणारी ही पहिली स्त्री, हे आपल्या मुलींनी जरूर ध्यानात ठेवावे.

लेपाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाइतकी असते. लेपाच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारून टाकतात आणि वाचलेला प्रकाश पुढे जातो. भिंगावर निळी-जांभळी झाक दिसते, ती या लेपाची.

तरीही लेप सर्व काही करीत नाही. धूळ, बोटांचे ठसे आणि नळीच्या आतली चकाकी यांमुळे प्रकाश भरकटतोच. म्हणून सूर्य पाठीशी घ्यावा, झाडाच्या सावलीत उभे राहावे, भिंगावर तिरपे ऊन येऊ देऊ नये आणि काच मऊ कापडाने हलकेच पुसावी. पालकांनी एक गोष्ट मुलांना निक्षून सांगावी: दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. त्याने दृष्टी कायमची जाऊ शकते.

मित्रहो, डागाळलेले भिंग टाकाऊ म्हणून कोणीही फेकून दिले असते. त्यातून किती प्रकाश जातो, हे ज्यांनी तपासून पाहिले, त्यांच्यामुळे आज आपल्याला पक्ष्याचा खरा रंग दिसतो. तुम्हीही काही टाकण्यापूर्वी ते एकदा निरखून पाहण्याची सवय लावून घ्या.