काळा घोडा : स्वार गेला, घोडाही गेला, नाव उरले

१/ मुंबईत ‘काळा घोडा’ एवढाच पत्ता सांगितला, तरी टॅक्सीवाला आपल्याला महात्मा गांधी मार्गावर जहांगीर कलादालनाजवळ नेऊन सोडतो. गंमत अशी की, १९६५ ते २०१७ या ५२ वर्षांत त्या चौकात घोडा नव्हताच. पत्ता मात्र कधी चुकला नाही. त्या पुतळ्याची आणि त्याच्या नावाची ही कथा.

२/ ८ नोव्हेंबर १८७५ रोजी राणी व्हिक्टोरियाचा ज्येष्ठ पुत्र, युवराज अल्बर्ट एडवर्ड, मुंबई बंदरात उतरला. त्याच्या हिंदुस्थान दौऱ्याचा आरंभ इथूनच झाला. या भेटीचे स्मारक म्हणून सर अल्बर्ट सॅसून यांनी शहराला युवराजाचा अश्वारूढ पुतळा भेट दिला. १८७९ साली तो उभा राहिला.

३/ सॅसून यांचे मूळ नाव अब्दुल्ला. जन्म १८१८, बगदादचा. हे यहुदी घराणे मुंबईत आले आणि कापूस व अफूच्या व्यापारात गडगंज झाले. कुलाब्याचा ससून डॉक त्यांचाच. चौकासमोरच्या ग्रंथालयाला त्यांच्या वडिलांचे, डेव्हिड सॅसून यांचे नाव आहे.

४/ शिल्पकार होते जोसेफ एडगर बोम. जन्माने व्हिएन्नाचे, पण लंडनमध्ये स्थायिक झालेले आणि व्हिक्टोरियाच्या खास मर्जीतले. पुतळा काळ्या दगडाचा असल्याचे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. तो कांस्याचा ओतीव पुतळा आहे. काळपट रंग धातूचा.

५/ दुसरा गैरसमज असा की, हा ‘राजाचा’ पुतळा म्हणून उभारला गेला. १८७९ साली एडवर्ड युवराजच होता. तो सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आला १९०१ मध्ये, म्हणजे पुतळ्यानंतर तब्बल २२ वर्षांनी.

६/ आता मुख्य मुद्दा. पुतळा उभारला गेला तो स्वारासाठी. घोडा केवळ त्याचे वाहन. लोकांनी मात्र नाव दिले घोड्याचे. ‘काळा घोडा’ या दोन शब्दांत युवराज नाही, साम्राज्य नाही, देणगीदारही नाही. सरकारने स्वाराला चौकातून हलवले १९६५ साली. बोलीने त्याला कितीतरी आधी खाली उतरवले होते.

७/ याला बंड म्हणावे काय? बंड कसे असते, तेही या शहराने पाहिले आहे. खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून उभारलेल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ साली डांबर फासले गेले. हे कृत्य आपण केल्याचे दामोदर हरी चापेकरांनी आत्मवृत्तात नोंदवले आहे.

८/ या दोन वृत्तींमधला फरक पाहण्यासारखा आहे. डांबर फासणाऱ्याने राणीची सत्ता ओळखली होती, म्हणूनच तिच्यावर आघात केला. ‘काळा घोडा’ म्हणणाऱ्याने स्वाराची दखलच घेतली नाही. पहिल्याने प्राणाची बाजी लावली; दुसऱ्याला फक्त पत्ता सांगायचा होता.

९/ १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पुढे १९६५ मध्ये मुंबईतील ब्रिटिशकालीन पुतळे चौकांतून हलवले गेले. आपला घोडाही स्वारासह भायखळ्याच्या राणीबागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या परिसरात गेला.

१०/ चौक मात्र ‘काळा घोडा’च राहिला. १९९९ पासून तिथे त्याच नावाने कलामहोत्सव भरू लागला. २००४ साली अरुण कोलटकरांचा इंग्रजी कवितासंग्रह निघाला, त्याच्या शीर्षकातही काळा घोडा होता. चौकात घोडा नसल्याची अडचण कुणालाच जाणवली नाही.

११/ राणीबागेत या घोड्याला एक विलक्षण शेजारी लाभला : घारापुरीचा दगडी हत्ती. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ साली हत्ती मुंबईत आणला गेला. बेटाचे नाव तिथेच राहिले. आपापल्या जागेला नाव देऊन निघून आलेले दोन प्राणी आज एकाच बागेत आहेत.

१२/ पण लोकांच्या बोलीला लगेच देशभक्तीचे प्रमाणपत्र देऊ नये. ज्या बागेत हा पुतळा गेला, तिचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. लोक अजूनही ‘राणीबाग’च म्हणतात, आणि ती राणी म्हणजे व्हिक्टोरिया! ज्या बोलीने पुत्राला वगळले, तिनेच आईला सांभाळले.

१३/ २०१७ साली चौकात नवा घोडा आला. काळाच, पण पाठीवर स्वार नाही. पहिल्या पुतळ्यामुळे नाव पडले होते. दुसरा पुतळा त्या नावामुळे घडला. लोकांच्या तोंडी असलेल्या दोन शब्दांना पुन्हा आकार मिळाला.

१४/ पुतळे उभारणारे आणि हटवणारे, दोघांनाही वाटते की शहराची स्मृती आपल्या हाती आहे. काळा घोडा सांगतो की ती बरीचशी पत्ता सांगणाऱ्यांच्या हाती असते. मात्र या विसरण्याला किंमत आहे. स्वारासोबत बगदादहून आलेले घराणे विसरले जाते, आणि या शहराच्या वैभवाला लागलेला अफूचा पैसाही.

१५/ म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी मुलांना पेंग्विन दाखवायला राणीबागेत न्याल, तेव्हा दोन मिनिटे त्या जुन्या पुतळ्यापाशी थांबा. घोडा त्यांना लगेच ओळखता येईल. स्वार कोण, हे मात्र आपल्यालाच सांगावे लागेल.