विषाची परीक्षा

माझ्या दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या आहेत. तीस वर्षे कारकुनी करून मिळवलेली माझी एवढीच काय ती स्थावर मिळकत. परवा भाचीच्या साखरपुड्याचे फोटो आले तेव्हा आमची ही म्हणाली, "अहो, तुम्ही मुलीचे मामा दिसत नाही, दारात जप्ती आलेले घरमालक दिसता." लग्न दीड महिन्यावर आलेलं. चार दिवसांत मी त्वचेच्या डॉक्टरांसमोर. ते हसून म्हणाले, "काही नाही काका, पाच सुया. बोटॉक्स!"

घरी येऊन जरा वाचलं आणि आठ्या दोनाच्या चार झाल्या. हे चक्क विष आहे हो!

लॅटिनमध्ये 'बोटुलस' म्हणजे सॉसेज. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गमध्ये लोक बिघडलेली सॉसेज खात आणि आडवे होत. युस्टिनुस केर्नर नावाचा तिथला डॉक्टर या प्रकरणाच्या मागे लागला. हा गृहस्थ कवीही होता. १८२२ साली त्याने १५५ रोग्यांची हकीकत छापली. पापण्या ओघळतात, एकाचे दोन दिसतात, घास उतरत नाही; बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत. मला या शेवटच्या कलमाचीच जास्त भीती वाटली. विषाची परीक्षा पाहू नये, असं आपल्याकडे सांगतात. याला कुणी सांगितलं नसावं. त्याने सॉसेजचा अर्क स्वतःच चाखून पाहिला! वर, अगदी थोडं घेतलं तर हे औषध म्हणूनही चालेल, असं लिहून ठेवलं.

१८९५ च्या डिसेंबरात बेल्जियमच्या एल्झेल गावी बँडवाले एका अंत्ययात्रेत वाजवून जेवायला बसले. पानात मुरवलेलं डुकराचं मांस. तिघे दगावले. त्या मांसातून व्हान अर्मेन्गेम या प्राध्यापकाने तो जंतू हुडकून काढला. वाजवायला गेले आणि स्वतःच गेले, बिचारे.

या विषाची करामत अशी, की मज्जातंतूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचतच नाही. साहेबांनी सही केली, पण शिपायाने फाईल हलवलीच नाही. हा प्रकार मला नवीन नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट यांनी हेच हेरलं आणि तिरळ्या डोळ्याचा ओढणारा स्नायू या विषाने सैल करून पाहिला. आधी माकडांवर, मग माणसांवर. १९८९ मध्ये अमेरिकन सरकारने त्याला डोळ्यांचं औषध म्हणून परवानगी दिली.

तोवर कपाळाचा मान डोळ्यांच्या एका पेशंटबाईंनी मिळवून दिला होता. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स या डॉक्टरीणबाई पापण्या फडफडणाऱ्या रोग्यांना हे इंजेक्शन देत. १९८७ साली एक पेशंटबाई रागावल्या, की आज भुवयांमध्ये का नाही टोचलं? तिथे टोचलं की चेहरा कसा निवांत दिसतो! डॉक्टरीणबाईंचे यजमान त्वचेचे डॉक्टर. इतका जमलेला संसार मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी आपल्या दवाखान्यात फोन घेणाऱ्या बाईंना तयार केलं, त्यांच्या आठ्या घालवल्या, १९९२ मध्ये निबंध छापला. २००२ मध्ये आठ्यांसाठीही सरकारी परवानगी मिळाली.

हे सगळं मी रात्री हिला वाचून दाखवलं. विष या शब्दावर विशेष जोर दिला. तीन-चार महिन्यांत असर उतरतो आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात, हेही सांगितलं. ही आरशासमोर बसून डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या दोन बोटांनी मागे ओढून पाहत होती.

"त्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः घेतलं का हो?"

"घेतलं की."

"पण आधी त्या फोनवालीला दिलं ना?"

"हो."

"मग बरोबर आहे," ही म्हणाली. "तुमची शनिवारची वेळ घेतलीय. माझी त्याच्या पुढच्या शनिवारची."