कार्नेशन निळे का नव्हते?

बारामती-इंदापूर म्हटले की १८८५ मध्ये सुरू झालेला नीरा डावा कालवा आणि त्यावरचा ऊस आठवतो. पुढे पुणे जिल्ह्यात हरितगृहे आली आणि त्यांत भूमध्य सागराकडचे कार्नेशनही फुलू लागले. लाल, गुलाबी, पिवळे, पांढरे असे कितीतरी रंग. पण निळे कार्नेशन शतकानुशतके कुणालाच साधले नव्हते. असे का?

मुळात फुलाला रंग हवा कशाला? जर्मनीतील एक शाळामास्तर, ख्रिश्चन श्प्रेंगेल, यांनी १७९३ मध्ये लिहिले की फुलांचे रंग कीटकांना बोलावण्यासाठी असतात. त्या काळी फारसे कुणी लक्ष दिले नाही. मधमाशीला रंग दिसतो हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ मध्ये दाखवून दिले. करड्या कागदांत ठेवलेला निळा कागद मधमाश्या बरोबर ओळखत.

रंग तयार होतो तो पाकळीच्या पेशींत. कार्नेशनचा लाल-गुलाबी रंग ॲन्थोसायनिन गटातील द्रव्यांचा. १९४७ मध्ये गाइसमन आणि मेलक्विस्ट यांनी कार्नेशनच्या रंगांची आनुवंशिकता आणि त्यांमागची रसायने यांची सांगड घातली. पेलार्गोनिडिन आणि सायनिडिन ही दोन द्रव्ये कार्नेशन बनवते. बहुतेक निळ्या-जांभळ्या फुलांत असणारे डेल्फिनिडिन मात्र ते बनवू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारे विकर त्याच्याकडे नाही. निवड आणि संकर करून माळ्यांनी पाकळ्या वाढवल्या, रंग गडद-फिके केले. पण जे जनुक कार्नेशनच्या कुळातच नाही, ते संकरातून येणार कुठून?

शेवटी पेटुनियाची जनुके कार्नेशनमध्ये घालून ऑस्ट्रेलियातील फ्लोरिजीन कंपनीने १९९६ मध्ये 'मूनडस्ट' बाजारात आणले. तेही खरे तर जांभळटच! गंमत अशी, की कीटकांसाठी निर्माण झालेला रंग आता माणसाच्या डोळ्यांसाठी घडवला जातो, आणि हरितगृहाच्या जाळीबाहेर कीटकांना थांबावे लागते.

कार्नेशनला न साधलेले डेल्फिनिडिन आपल्या कुंपणावरच्या निळ्या गोकर्णात असते. चार पाकळ्या गरम पाण्यात टाका, निळ्या पाण्यात लिंबू पिळा. रंग कोणता झाला? आणि चुन्याची निवळी घातली तर? मुलांना आधी अंदाज करू द्या, मग पाहू द्या.