प्रावीण्यपातळ्या, शिक्षकांनी घडवलेल्या

एखादी अध्ययन निष्पत्ती साध्य होईपर्यंत मूल कोणकोणत्या टप्प्यांतून जाते, ते सोप्याकडून अवघडाकडे शब्दांत मांडणारा तक्ता. वर्गातला कितवा क्रमांक किंवा शंभरपैकी किती गुण हे तो सांगत नाही. मुलाला आज काय येते आणि त्याच वाटेवर पुढे काय यायला हवे, हे सांगतो. असे तक्ते वरून तयार होऊनही येतात. ही नोंद मात्र शिक्षकांनी एकत्र बसून घडवलेल्या तक्त्यांविषयी आणि त्यासाठी त्यांना लागणाऱ्या मदतीविषयी आहे. उदाहरणे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या, म्हणजे पैनगंगेच्या दक्षिणेकडील मराठी-गोंडी-तेलुगू पट्ट्यातील परिस्थितीला धरून दिली आहेत.

विचाराचा उगम : मुलांची एकमेकांशी तुलना न करता ठरलेल्या निकषाशी तुलना करावी, ही कल्पना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्लेसर यांनी १९६३ मध्ये मांडली. बेंजामिन ब्लूम यांच्या १९६८ मधील प्रभुत्व अध्ययनाच्या मांडणीने तिला वर्गाची जोड दिली. पुढे रॉबर्ट मार्झानो यांनी शून्य ते चार अशी पट्टी रूढ केली. तीत तीन म्हणजे अपेक्षित निष्पत्ती, दोन म्हणजे तिच्या आधीचे सोपे ज्ञान आणि कौशल्य, चार म्हणजे शिकलेले नव्या ठिकाणी वापरणे, एक म्हणजे मदतीने काही भाग जमणे आणि शून्य म्हणजे मदत देऊनही न जमणे. भारतात आर. एच. दवे समितीने १९९१ मध्ये किमान अध्ययन क्षमता सुचवल्या. महाराष्ट्राचा १९९५ चा क्षमताधिष्ठित प्राथमिक अभ्यासक्रम त्याच विचारातून आला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये या दोन्ही गोष्टी आहेत : शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. आदिलाबादसारख्या जिल्ह्यात त्या एकमेकींपासून तोडता येत नाहीत.

सर्वांत जास्त हाताळली गेलेली देशी पट्टी ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणाची. २००५ पासून चालत आलेल्या या सर्वेक्षणात वाचनाच्या पाच पायऱ्या आहेत : प्रारंभिक, अक्षर, शब्द, पहिलीच्या स्तराचा परिच्छेद, दुसरीच्या स्तराची गोष्ट. अंकगणितात एकअंकी संख्या ओळखणे, दोनअंकी ओळखणे, हातच्याची वजाबाकी आणि तीनअंकी संख्येला एकअंकी संख्येने भागणे. गावात घरोघरी जाऊन काही मिनिटांत वापरता यावी म्हणून ती मुद्दाम इतकी सुटसुटीत ठेवलेली आहे. मूल कोणत्या पायरीवर आहे ते ती चटकन दाखवते, पण तेथेच का अडले ते तिच्यातून कळत नाही. ते वर्गशिक्षकालाच शोधावे लागते, आणि त्यासाठी अधिक बारीक तक्ता हवा.

आदिलाबादची पूर्वपीठिका : स्थानिक शिक्षकांना घडवून शाळा चालवण्याचा प्रयोग या जिल्ह्याला नवा नाही. १९४३ मध्ये मानवशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी मार्लवाई येथे गोंड शिक्षण योजना सुरू केली. हे गाव तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ च्या पुनर्रचनेनंतर ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. बाहेरून शिक्षक आणण्याऐवजी तरुण गोंडांनाच मार्लवाईत प्रशिक्षण दिले गेले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. या भागात मराठीचा वावर जुना असल्याने ती लिपी परकी नव्हती. निजामाच्या राज्यात नोकरी केलेले मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीही येथील गोंडांची भाषा आत्मसात करून त्यांच्यावर लिहिले. मुलाच्या भाषेतून शिकवणारा शिक्षक आधी हवा, मोजमाप नंतर, हा त्या योजनेतला क्रम आजही बरोबर आहे. आंध्र प्रदेशाच्या काळात सुरू झालेल्या बहुभाषिक शिक्षण कार्यक्रमात आठ आदिवासी भाषांमध्ये गोंडी आणि कोलामी होत्या, परंतु लिपी तेलुगू होती. जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शासकीय शाळाही आहेत. तेथे मराठी, गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगू घरांतली मुले एकाच बाकावर बसू शकतात.

सध्याची चौकट : तेलंगणात सातत्यपूर्ण मूल्यमापनात वर्षाला चार आकारिक आणि दोन संकलित चाचण्या आहेत. आकारिक गुण चार साधनांवरून मिळतात : मुलांचा सहभाग व प्रतिसाद, लेखी काम, प्रकल्प आणि छोटी चाचणी. गणितात समस्या सोडवणे, तर्क व सिद्धता, संवाद, जोडणी आणि प्रतिरूपण ही शैक्षणिक मानके ठरलेली आहेत. २०२२ पासून प्राथमिक वर्गांसाठी तोलिमेट्टू हा पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाचा कार्यक्रम आला. केंद्राच्या ‘निपुण भारत’ने ५ जुलै २०२१ पासून तिसरीअखेर मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचण्याचे लक्ष्य ठेवले होतेच. सीमेपलीकडे महाराष्ट्रात किनवट किंवा पांढरकवड्याचा शिक्षक आकारिक-संकलित मूल्यमापन करतो, वर्णनात्मक नोंदी लिहितो आणि बालभारतीची पुस्तके वापरतो. महाराष्ट्र-तेलंगण सीमेवरील जिवती भागातल्या वादग्रस्त चौदा गावांत तर दोन्ही राज्यांच्या शाळा आहेत. दोन राज्यांच्या नोंदपत्रकांत एकाच मुलाची दोन वेगळी चित्रे उमटू शकतात. गुणांची बेरीज हा फरक लपवते. नीट लिहिलेली पातळी तो उघडा करते, आणि म्हणूनच ती येथे विशेष उपयोगी आहे.

उदाहरण : तिसरीतील हातच्याची वजाबाकी घेऊ. बासष्टातून अडतीस वजा करायला सांगितल्यावर अनेक मुले ३६ लिहितात, कारण ती प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान अंक वजा करतात. या मुलांना वजाबाकी येत नाही असे लिहिणे चूक आहे. हातचा न लागणारी ६८ – ३२ त्यांना बरोबर येते, म्हणून ती दुसऱ्या पातळीवर आहेत. तिसऱ्या पातळीवर मूल एक दशक मोडून दहा एकक करते, २४ मिळवते आणि काड्यांच्या गठ्ठ्यांवर ते करून दाखवते. चौथ्या पातळीवर ४०२ – १६७ सारखे मधे शून्य असलेले उदाहरण सोडवते, दुसऱ्याच्या वहीतले ३६ का चुकले ते सांगते, कापसाच्या वजनावर स्वतःचे शाब्दिक उदाहरण रचते. पहिल्या पातळीवरचे मूल शिक्षकाने गठ्ठा सोडून दिल्यावर पुढचे करते.

पण येथे आणखी एक गाठ आहे. मराठीत ‘बासष्ट’ म्हणताना एककाचा भाग आधी येतो. तेलुगूत ‘अरवै रेंडु’, म्हणजे दशक आधी आणि एकक नंतर. तेलुगूत मोजणारे मूल मराठीतून ऐकलेली संख्या २६ अशी लिहू शकते. पुढची वजाबाकी त्याला येत असूनही उत्तर चुकते, आणि एकच तक्ता वापरला तर ते खालच्या पातळीवर ढकलले जाते. म्हणून ‘ऐकलेली संख्या लिहिणे’ आणि ‘वजाबाकी करणे’ यांच्या पातळ्या वेगळ्या हव्यात. उदाहरण तोंडी न देता फळ्यावर अंकांत लिहिले तर दोन्ही गोष्टी स्वतंत्र तपासता येतात. वाचनातही तसेच. गोंडी घरातले मूल मराठी परिच्छेद अडखळत वाचते, पण गोंडीतून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अचूक देते. अशा वेळी ‘ओघ’ आणि ‘आकलन’ यांना दोन ओळी द्याव्यात आणि आकलनाच्या ओळीत उत्तर कोणत्या भाषेत आले त्याची नोंद करावी. छापील तक्ता इतका बारकावा जाणत नाही. हा बारकावा त्या वर्गात रोज उभ्या राहणाऱ्या शिक्षकालाच माहीत असतो, आणि तक्ता शिक्षकांनी घडवावा असा आग्रह धरण्याचे खरे कारण तेच आहे.

घडवण्याची रीत : सुरुवात कोऱ्या कागदापासून न करता मुलांच्या वह्यांपासून करावी. शाळा संकुलाच्या बैठकीत दोन-तीन शाळांचे शिक्षक एकाच निष्पत्तीची मुलांची कामे घेऊन येतात, नावे झाकतात आणि ‘सारखी वाटतात’ अशा ढिगांत वाटतात. मग प्रत्येक ढिगाचे वर्णन लिहितात. ‘समाधानकारक’, ‘चांगले’, ‘सुधारणा आवश्यक’ हे शब्द येथे टाळावेत. ते वाचून शिक्षकाने उद्या काय करायचे ते समजत नाही. ‘दशक न मोडता वजा करतो’ या वाक्यावरून ते समजते. पहिल्या मसुद्यानंतर दोन शिक्षकांनी त्याच वह्या एकमेकांना न विचारता पातळ्यांवर बसवून पाहाव्यात. जेथे मतभेद होतो तेथे बहुधा तक्त्यातले वाक्यच संदिग्ध असते, म्हणून ते पुन्हा लिहावे. प्रत्येक पातळीसोबत मुलाच्या कामाचा एक नमुना जोडला की नव्याने बदलून आलेल्या शिक्षकालाही तक्ता वाचता येतो. अशा शिक्षकनिर्णयाला राष्ट्रीय पातळीवरही स्थान मिळाले आहे. एनसीईआरटीच्या २०२२ च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात वीस भाषांसाठी तिसरीच्या पातळ्यांच्या सीमारेषा ठरवताना अनुभवी शिक्षकांना बसवले होते.

साहाय्य आणि मर्यादा : जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने तयार तक्ते वाटण्यापेक्षा या बैठकांना वेळ आणि वाटाड्या देणे अधिक मोलाचे. वाटाड्याला गोंडी किंवा कोलामी येत असेल तर फारच उत्तम. उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेच्या आश्रमशाळांतील शिक्षक आणि शेजारच्या मराठी शाळेतील शिक्षक एकाच बैठकीत असावेत. दोनशिक्षकी, बहुवर्गी शाळेत प्रत्येक निष्पत्तीचा तक्ता करणे अशक्य आहे. सत्राला प्रत्येक विषयाच्या दोन-तीन कळीच्या निष्पत्ती घेणे पुरे. पातळी ही कामाची असते, मुलाची नसते. ‘तो दोनचा आहे’ असे शिक्षकखोलीत बोलले जाऊ लागले की तक्ता घातक ठरतो, कारण तेच मूल वाचनात दोनवर आणि तोंडी गणितात चारवर असू शकते. पातळ्यांची आकडेवारी शाळांची तुलना करण्यासाठी वर मागवली जाऊ लागली तर शिक्षक नकळत वरची पातळी लिहू लागतात. त्यामुळे वर्गातला तक्ता वर्गातच राहावा आणि सर्वेक्षण वेगळ्या साधनाने करावे. पालकांसाठी मात्र तो मोकळा असावा. पालकसभेत मुलाची वही आणि तक्त्यातील दोन ओळी शेजारी ठेवून पालकांच्या भाषेत बोलले, तर गुणपत्रक न वाचता येणाऱ्या आईवडिलांनाही आपले मूल कुठे आहे आणि पुढे काय शिकणार आहे ते समजते.